एडास आणि ऑटोपार्क: पुण्यात कशावर विसंबायचं आणि कशावर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांना पंचवीस लाखांच्या आसपासची इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची आहे. वरच्या व्हेरियंटला सुमारे दोन लाख जास्त पडतात, त्यात लेव्हल २ एडास (म्हणजे कॅमेरे आणि सेन्सर वापरून ब्रेक, वेग, स्टिअरिंग यांत चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा) आणि गाडी स्वतःच पार्क होण्याची सोय मिळते. महिन्यातून दोनतीनदा मुंबईला जाणं होतं. एरवी शहरात बहुतेक वेळा वडील गाडी चालवतात, ते सत्तरीकडे झुकलेत. सोसायटीचं पार्किंग तळघरात, खांबांच्या मधोमध. या सोयी खरंच भरवशाच्या आहेत, की शोरूममध्ये दाखवण्यापुरत्या?

माझं काम याच यंत्रणांच्या चाचणीचं आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे कॅमेरे-सेन्सरचा नेम अचूक लावून देण्याचं, चाकणच्या बाजूला. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, बहुधा लग्नाच्या पंगतीत, आणि त्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर हवं असतं. ते देता येत नाही. एडास या एका नावाखाली पाचसहा वेगवेगळी कामं येतात. ती वेगवेगळ्या सेन्सरवर चालतात आणि त्यांच्या चुकांची किंमतही वेगवेगळी असते. म्हणून अख्ख्या गाडीवर भरवसा ठेवायचा की नाही हा विचार सोडा. फीचर कुठलं आणि रस्ता कुठला, एवढं बघून ठरवा.

लेव्हल २ बद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सेल्समन ती घाईघाईत उरकतात. ० ते ५ अशा पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळू शकते, पण रस्त्यावर नजर ठेवायची जबाबदारी शंभर टक्के तुमची असते. गाडीने समोरचा डंपर पाहिला नाही, तर तो तुम्ही पाहायला हवा होता, असंच सगळ्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. आणि भारत एनसीएपीचे, म्हणजे गाड्या आदळवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे, पाच स्टार बघून एडासही उत्तम असेल असं समजू नका. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ज्या नियमांवर ही चाचणी सुरू झाली, त्यात प्रामुख्याने गाडी आदळल्यावर आतल्या माणसांचं काय होतं ते मोजतात. गाडी न आदळण्यासाठी काय करते, याचे गुण त्या स्टारमध्ये नाहीत.

आता एकेक घेऊ.

धडक होणार असं दिसलं की गाडी स्वतःच ब्रेक मारते ते आपत्कालीन ब्रेकिंग, म्हणजे शोरूमच्या भाषेत एईबी, हे मी कुणालाही घ्यायला सांगतो. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, म्हणून तिला अपघात खरोखर कमी झाले की नाही यातच रस असतो. तिच्या आकड्यांनुसार एईबी असलेल्या गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचं प्रमाण निम्म्याने घटलं. हा फार मोठा फरक आहे. त्याच संस्थेने लेनमध्ये गाडी धरून ठेवणाऱ्या, हात थोडा सैल सोडू देणाऱ्या यंत्रणांचाही अभ्यास केला. त्या यंत्रणांमुळे अपघात कमी होतात याचा ठोस पुरावा काही मिळाला नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांनी अशा १४ यंत्रणांना गुण दिले, चालकाचं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून त्या किती काळजी घेतात यावर. ११ थेट नापास झाल्या, आणि बऱ्यापैकी म्हणावी अशी एकच निघाली. ज्या फीचरची जाहिरात मोठी असते त्याचा उपयोग कमी, आणि ज्याचं बटणसुद्धा कुणी दाखवत नाही ते जीव वाचवतं.

पण एईबीलाही मर्यादा आहेत, आणि त्या आपल्या रस्त्यांवर नेमक्या उघड्या पडतात. कॅमेऱ्याला गाडी म्हणजे काय हे हजारो चित्रं दाखवून शिकवलेलं असतं. मागून दिसणारी मोटार, ट्रक, बस, दुचाकी त्याला झटकन कळते. गाळप हंगामात सोलापूर रस्त्यावर किंवा सातारच्या बाजूला रात्री उसाची ट्रॉली पुढे असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली गेलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्या आकाराला वाहन म्हणायचं की झाडोरा, हे ठरवायला यंत्रणेला वेळ लागतो. ताशी ८० च्या वेगात एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. ट्रिपल ए या अमेरिकी वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठीच्या एईबीची चाचणी घेतली, तेव्हा रात्रीच्या अंधारात तिचा जवळजवळ काहीच उपयोग होत नव्हता. त्यानंतर कॅमेरे सुधारले आहेत, पण दिवसा आणि रात्री एकसारखं काम होईल अशी अपेक्षा आजही ठेवू नका.

पावसाचंही तेच. याच संघटनेने २०२१ मध्ये पुढच्या काचेवर पावसासारखं पाणी मारत चाचण्या केल्या. ताशी ४० किलोमीटरला १७ टक्के वेळा गाडी पुढच्या गाडीवर आदळली, ५६ ला ३३ टक्के वेळा. लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेने तर ६९ टक्के वेळा रेष ओलांडली. जुलैमध्ये लोणावळ्याच्या आसपास धुकं आणि पाऊस एकत्र असतात तेव्हा काय होईल याचा अंदाज यावरून करा. बऱ्याच गाड्या अशा वेळी "कॅमेरा झाकला गेला आहे" असा संदेश देऊन स्वतःच माघार घेतात. लोक त्यावर चिडतात. माझ्या मते ते गाडीचं सगळ्यात प्रामाणिक वागणं आहे.

इथे एक गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अशी यंत्रणा दोन प्रकारे चुकते. कधी नको तिथे ब्रेक मारते, कधी हवा तिथे मारत नाही. एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. अभियंते मधला कुठला तरी बिंदू निवडतात. आता गणेशखिंड रस्त्यावर संध्याकाळी सातला काय होतं ते आठवा. अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे वेग आणि पुढच्या वाहनापासूनचं अंतर गाडीनेच सांभाळायची सोय, लावलं की गाडी पुढे किमान अंतर सोडते. ते अंतर पुण्यात जास्तीत जास्त चार सेकंद रिकामं राहतं. डावीकडून एक दुचाकी कट मारून घुसते, गाडी ब्रेक मारते, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. लगेच दुसरी घुसते. गाडी काहीही चुकीचं करत नसते, ती नियमाप्रमाणे वागत असते, पण मागच्याला त्या नियमाची कल्पना नसते. अशा ब्रेकमुळे मागून ठोकलेल्या गाड्या आमच्याकडे मागचे सेन्सर पुन्हा बसवायला येतात. शहराच्या गर्दीत क्रूझ बंद ठेवा. एईबी मात्र चालू ठेवा, त्याची संवेदनशीलता मेनूत असेल तर मधल्या पातळीवर.

लेन सांभाळणारं फीचर शहरात बंद करा, याबद्दल मला अजिबात शंका नाही. त्याला रेष लागते. पुण्यात मेट्रोचं किंवा उड्डाणपुलाचं काम झालेल्या रस्त्यांवर जुन्या रेषा पुसलेल्या नसतात आणि नव्या त्यांच्यावरून तिरक्या मारलेल्या असतात. काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांत भरलेला डांबराचा पट्टा तिरप्या उन्हात रेषेसारखा चमकतो. आणि खड्डा चुकवायला तुम्ही सिग्नल न देता थोडं उजवीकडे घेतलंत, तर यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही लेन सोडताय. ती स्टिअरिंग परत डावीकडे ओढते, म्हणजे पुन्हा खड्ड्याकडे. पहिल्यांदा हे होतं तेव्हा माणूस दचकतो आणि जास्त जोराने उलटं फिरवतो.

एक्स्प्रेसवेवर चित्र बरंच वेगळं आहे, आणि तुमच्या मुंबईच्या खेपांसाठी तेच महत्त्वाचं. तळेगावच्या पुढे सपाट पट्ट्यात, रेषा ठळक आहेत, दुचाकींना बंदी आहे, तिथे अडॅप्टिव्ह क्रूझ खरंच चांगलं काम करतं. पाय दुखत नाही, वेग मर्यादेत राहतो, दंडाची पावती येत नाही. अंतर सगळ्यात लांबचं ठेवा.

बोरघाट लागायच्या आधी मात्र ते काढा. कारण सांगतो. समजा मुंबईहून परतताना तुम्ही वेग ८० वर लावलाय आणि पुढे एक ट्रक ४० ने चढतोय, म्हणून गाडीही मुकाट ४० ने त्याच्या मागे आहे. तीव्र वळण आलं की ट्रक बाजूला सरकल्यासारखा होतो आणि रडारच्या समोरच्या पट्ट्यातून बाहेर जातो. गाडीला वाटतं रस्ता मोकळा झाला. ती ८० गाठायला निघते, आणि इलेक्ट्रिक गाडी हे फार उत्साहाने करते. वळण संपताच ट्रक पुन्हा समोर. मग कडक ब्रेक. आतली माणसं पुढे, पिशवीतल्या चिक्कीचा चुरा. एखाद्या कंपनीच्या गाडीतला हा दोष नाही, वळणावर सरळ पाहणाऱ्या कुठल्याही सेन्सरची ही अडचण आहे. नव्या गाड्या नकाशा आणि स्टिअरिंगचा कोन बघून हे कमी करतात, संपवत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. तिथे मोठे अपघात का होतात हे पुणेकरांना सांगायला नको. एडासच्या दृष्टीने अडचण अशी की उताराच्या टोकाला वाहनं पूर्ण थांबलेली असू शकतात. वेगात असताना स्थिर वस्तू ओळखणं या यंत्रणांना जड जातं. रडारला रस्त्याकडेचा लोखंडी कठडा, वरचा दिशाफलक, पुलाचा सांधा, सगळंच स्थिर दिसतं, आणि प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालवताच येणार नाही. म्हणून वेग जास्त असताना स्थिर प्रतिध्वनींना कमी महत्त्व देण्याची पद्धत आहे. चालणारं वाहन थांबत गेलं तर ते कळतं. तुम्ही यायच्या आधीपासून थांबलेलं वाहन उशिरा कळतं. त्या उतारावर पाय ब्रेकवर आणि डोळे समोर, दुसरं काही नको.

कामामुळे वळवलेल्या लेनचंही असंच. २९ मार्च २०२५ ला चीनमधल्या आनहुई प्रांतात शाओमीच्या एसयू७ या इलेक्ट्रिक गाडीचा अपघात झाला. गाडी ताशी ११६ ने सहाय्यक यंत्रणेवर चालली होती, पुढे दुरुस्तीसाठी रस्ता वळवलेला होता. यंत्रणेने अडथळा ओळखून इशारा दिला, पण इशारा आणि धडक यांत काही सेकंदच उरले. तिघी विद्यार्थिनी गेल्या. पुढच्याच महिन्यात चीन सरकारने कंपन्यांना जाहिरातीत गाडी स्वतः चालते असं सुचवणारे शब्द वापरायला मनाई केली. आपल्याकडे रस्ता वळवल्याची खूण म्हणजे कधी पांढरे रंगवलेले दगड, कधी झाडाची फांदी. ती ओळखायला कुठल्याही गाडीला शिकवलेलं नाही.

आता पार्किंगकडे येतो. तुमचा खरा पेच तिथे आहे असं मला वाटतं.

स्वतः पार्क होणारी गाडी ही नवी गोष्ट नाही. टोयोटाने जपानमध्ये प्रियसमध्ये ती २००३ मध्येच आणली होती. आणि ज्या परिस्थितीसाठी ती बनवली आहे त्यात ती माणसापेक्षा चांगली आहे, हेही खरं. ट्रिपल एच्या २०१५ च्या चाचणीत दोन गाड्यांच्या मधे समांतर पार्क करताना या यंत्रणांची चाकं फुटपाथच्या कडेला माणसांपेक्षा ८१ टक्के कमी वेळा घासली, आणि पुढेमागे कमी करावं लागलं. जंगली महाराज रस्त्यावर आखलेली मोकळी जागा मिळाली (मिळाली तर!), तर बटण दाबून बघायला हरकत नाही.

तळघरात गोष्ट बदलते. बंपरमधली ती नाण्याएवढी गोल टिकली म्हणजे अल्ट्रासॉनिक सेन्सर. माणसाला ऐकू न येणारा आवाज तो सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. त्याचा पल्ला पाचेक मीटरच्या आत. तो बंपरच्या उंचीवर असतो आणि साधारण त्याच पट्ट्यात बघतो. मोटारीची बाजू, भिंत, जाड खांब हे त्याला उत्तम कळतं. न कळणाऱ्या गोष्टींची यादी तुमच्या तळघरात उभं राहूनच करता येईल. खांबावर छातीच्या उंचीला बसवलेली फायर होजची लाल पेटी खांबापासून वीतभर बाहेर आलेली असते. सेन्सर खालचा खांब मोजतो आणि जागा आहे म्हणतो, मग एसयूव्हीच्या डिकीचं दार त्या पेटीच्या कोपऱ्यावर जातं. दोन गाळ्यांमधली साखळी, बारीक पाइप, छतावरून खाली आलेला स्प्रिंकलरचा जोड, जमिनीपासून चार बोटं वर आलेला सिमेंटचा कट्टा, याही त्याच जातीच्या. आणि एक गंमत: कुणीतरी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली जुनी गादी. मऊ वस्तू आवाज शोषून घेते, प्रतिध्वनी नीट येतच नाही.

सेन्सरच्या जोडीला कॅमेरे असतात आणि ते यातलं बरंच काही भरून काढतात. पण कॅमेऱ्याला उजेड लागतो. एक ट्यूब चालू, एक लुकलुकणारी, खाली ओली चकचकीत फरशी, आणि गाळ्याच्या रेषा टायरने घासून गेलेल्या, अशा ठिकाणी गाडी जागा शोधतच बसते. टेस्लाने २०२२ च्या ऑक्टोबरपासून अल्ट्रासॉनिक सेन्सर काढून फक्त कॅमेऱ्यांवर जायचं ठरवलं, तेव्हा त्या नव्या गाड्यांत स्वतः पार्क होण्याची सोय बराच काळ बंद ठेवावी लागली. ती परत आली २०२४ मध्ये. मी स्वतः दोन्ही असलेली गाडी पसंत करतो.

तर शोरूमच्या मोकळ्या आवारात दाखवलेलं प्रात्यक्षिक विसरा. टेस्ट ड्राइव्हची गाडी तुमच्या सोसायटीत मागवा, तीही संध्याकाळी. तुमच्या गाळ्यात एका बाजूला पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवा, दुसऱ्या बाजूला बादलीत मोपचा दांडा उभा करा. ब्रेकवर पाय ठेवून ऑटोपार्क चालवा आणि स्क्रीनवर बघत बसू नका, आरशात बघा. खोका दिसला आणि दांडा दिसला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं. किती वेळा पुढेमागे करते, मधेच सोडून देते का, सोडून दिलं तर गिअर कुठल्या स्थितीत ठेवते, हेही बघा. मधेच काम टाकणारी यंत्रणा अर्धवट तिरक्या गाडीत तुम्हाला सोडते आणि मागे दोन शेजारी हॉर्न वाजवत असतात. बहुतेक लोक आठवड्याभरात ऑटोपार्क वापरणं सोडतात ते याच कंटाळ्याने. त्यात धोक्यापेक्षा वेळेचा भाग मोठा असतो.

यांत्रिक स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायची सोय, असेल तर ऑटोपार्क वापरूच नका. लोखंडी पॅलेटच्या कडा बुटक्या असतात, चाकाला एक इंच इकडेतिकडे चालत नाही.

गाडीबाहेर उभं राहून किल्लीवरून किंवा फोनवरून गाडी पुढेमागे करायची सोय, म्हणजे समन, टाटाच्या हॅरियर ईव्हीत जून २०२५ मध्ये आली. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्येही स्वतः पार्क होण्याची सोय आहे. लोकांना हा खेळ वाटतो, पण पुण्यात त्याचा एक अस्सल उपयोग आहे. अनेक सोसायट्यांत २.३ बाय ४.५ मीटरचे गाळे आहेत. या एसयूव्ही आरसे सोडून १.९ मीटरच्या आसपास रुंद, आणि बीई ६ सोडली तर ४.५ मीटरपेक्षा लांब. म्हणजे मधोमध उभी केली तरी दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर उरतात. त्यात दार उघडून बाहेर पडणं अशक्य. आधी उतरून मग गाडी सरळ आत ढकलणं हाच मार्ग. त्यामुळे गाडी बुक करायच्या आधी टेप घेऊन गाळा मोजा. मात्र समन वापरताना गाडीच्या जवळ उभे राहा, बटणावरून बोट उचललं की थांबते ना ते तपासा, आणि संध्याकाळी मुलं खेळत असतात तेव्हा वापरू नका. गाडीखाली सावलीला झोपलेलं कुत्रं कुठल्याच सेन्सरला दिसत नाही. उतारावर, रॅम्पवर तर नाहीच. अमेरिकेतही रस्ते सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये टेस्लाच्या समनची चौकशी सुरू केली, सुमारे २६ लाख गाड्यांची, आणि तक्रारी खांबांना आणि उभ्या गाड्यांना धडकल्याच्याच होत्या.

नुकसान झालं तर कोण भरणार? बीवायडीने जुलै २०२५ मध्ये चीनपुरतं जाहीर केलं की त्यांच्या स्मार्ट पार्किंगमुळे झालेलं नुकसान कंपनी भरेल. कंपनीला स्वतःच्या यंत्रणेवर किती विश्वास आहे हे मोजायचं याहून चांगलं माप मला माहीत नाही. तुमच्या डीलरला विचारा, असं लेखी देता का. तो हसेल. इथे खरचटलं तर तुमच्या विम्यातून, आणि नो क्लेम बोनसही तुमचाच जाणार.

गाडी इलेक्ट्रिक असल्याने काय फरक पडतो? संथ वेगात मोटरवर ताबा फार बारीक ठेवता येतो, त्यामुळे ऑटोपार्क आणि क्रूझ दोन्ही पेट्रोल गाडीपेक्षा मऊ चालतात. हा खरा फायदा. तोटा असा की अॅक्सिलरेटर दाबला की ताकद लगेच मिळते, आणि बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटर जोरात दाबला की एईबी बाजूला होतं, कारण गाडी समजते चालकाला निसटायचं आहे. घाबरून चुकीच्या पेडलवर पाय पडला तर एईबी वाचवेलच असं नाही. दुसरं, या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. गाडी महिनाभर उभी राहिली आणि ती उतरली की स्क्रीनवर एडासच्या बिघाडाचे संदेश रांगेने येतात. रडार बिघडलेलं नसतं, आधी ती बॅटरी तपासायची. तिसरं, सॉफ्टवेअर अपडेटनंतर ब्रेकिंगचा स्वभाव बदलू शकतो. अपडेट झाल्यावर पहिल्या दिवशी नव्या गाडीसारखी सावधपणे चालवा.

आता ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते. गाडी शोरूममधून बाहेर पडताना भरवशाची असते, वर्षभरात आपणच तिला आंधळी करतो. पुढची काच खडीने तडकली आणि बदलली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागतं. कॅमेरा एक अंश फिरला तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये म्हणजे पुढचा ट्रक तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हेच उलटं व्हायला लागतं. बाहेरून काच बसवणारे बरेच जण हे करत नाहीत, त्यांच्याकडे सपाट जागा आणि टार्गेट बोर्ड (कॅमेऱ्याचा नेम लावायला समोर ठेवायचा खुणांचा फलक) नसतो. विम्याच्या एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची वेगळी ओळ लिहून घ्या. बंपर रंगवताना सेन्सरवर जाड थर बसला तर तो बधिर होतो. पीपीएफ, म्हणजे रंग जपायची पारदर्शक फिल्म, लावताना सेन्सरभोवती कापून लावायला सांगा. लोखंडी बंपर गार्ड अजिबात नको. बहुतेक गाड्यांत पुढचं रडार खालच्या जाळीच्या मागे असतं, तिथे चिखलाचा वाळलेला थर बसला तरी पुरे. आणि दसऱ्याला गाडीची पूजा करा, पण झेंडूचा जाड हार त्या जाळीवरून लोंबता ठेवून वाकडला कामाला जाऊ नका. दरवर्षी दसऱ्यानंतर "क्रूझ चालत नाही" अशा गाड्या येतात, आम्ही हार काढतो आणि परत पाठवतो.

वडिलांबद्दल. त्यांना लेन असिस्ट आणि क्रूझ शिकवायच्या भानगडीत पडू नका, त्यांना ते नको असेल तर नकोच. त्यांच्यासाठी उपयोगाची आहेत ती मागचं ऑटो ब्रेक, ३६० अंशांचा कॅमेरा आणि मागून आडवं येणाऱ्या वाहनाचा इशारा. आयआयएचएसच्या एका अभ्यासात रिव्हर्स कॅमेरा, सेन्सर आणि मागचं ऑटो ब्रेक तिन्ही असलेल्या गाड्यांचे मागे घेतानाचे अपघात ७८ टक्क्यांनी कमी निघाले. मान पूर्ण वळत नाही त्या वयात हे सोन्याचं आहे. फक्त इशाऱ्यांचे आवाज कमी करून द्या. सगळेच भोंगे एकत्र वाजायला लागले की माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करायला लागतो. एक पेडलने चालवायचा मोडही, ज्यात नुसता पाय उचलला की गाडी ब्रेक मारल्यासारखी मंदावते, सुरुवातीला बंद ठेवा. चाळीस वर्षांची सवय ब्रेक शोधत जाते.

म्हणून दोन लाखांचा हिशेब असा. खालच्या व्हेरियंटमध्ये ३६० कॅमेरा आणि एईबी मिळत असेल, आणि वर फक्त ऑटोपार्क आणि लेन सांभाळणं वाढत असेल, तर ते पैसे वाचवा. एईबी, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या वाहनाचा) इशारा आणि मागचं ऑटो ब्रेक वरच्याच व्हेरियंटमध्ये असतील, तर वरचं घ्या, तुमच्या मुंबईच्या खेपा आणि वडील, दोन्ही कारणांसाठी. ब्रोशरमध्ये यांची नावं प्रत्येक कंपनी वेगळी लिहिते, म्हणून नावावर न जाता फीचर नेमकं काय करतं ते विचारा: फक्त वाजतं, की ब्रेकही मारतं? आणि लेन असिस्ट बंद केल्यावर गाडी पुन्हा चालू करताना बंदच राहतं का, की दरवेळी मेनूत चार पानं आत जाऊन बंद करावं लागतं, हे टेस्ट ड्राइव्हमध्येच बघून घ्या. रोज सकाळी ते करावं लागलं तर वडील दोन दिवसांत वैतागतील.

डिलिव्हरीच्या दिवशी फास्टॅग लावणाऱ्या मुलाजवळ उभे राहा. तो तो स्टिकर सवयीने आरशामागे, काचेच्या मधोमध वर चिकटवतो. तिथेच कॅमेरा असतो. कॅमेऱ्यासमोरची काच पूर्ण मोकळी सोडून बाजूला लावायला सांगा.